आखूड कंबर, भरलेला बांधा

छातीपासून कमरेपर्यंतचं अंतर कमी असेल आणि बांधा भरलेला असेल, तर साडी नेसताना आधी परकराकडे पाहा. नाडी दोन बोटं खाली बांधली की धड लांब दिसतं. घेरदार परकराच्या चुण्या कमरेवर फुगतात. कळ्यांचा, अंगासरशी बसणारा परकर शिवून घ्या. हा खर्च मला साडीइतकाच मोलाचा वाटतो. विरोधी रंगाचं ब्लाउज आखूड धड आणखी तोडतं, म्हणून साडीच्याच रंगाचं, पानगळ्याचं निवडा. जॉर्जेट, क्रेप अंगावर छान पडतात. कडक ऑर्गंझा मात्र फुगते. साडीऐवजी कुर्ता घालणार असाल, तर त्याला कमरेवर आडवी शिवण नको. खांद्यापासून उतरणाऱ्या उभ्या शिवणींचा प्रिन्सेस कट शिंप्याकडे आवर्जून मागा.