गठाणींचा ट्रक आणि अडखळता वायपर

कापसाच्या गठाणी म्हणजे काय, हे बुलढाणा जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. खामगाव-मलकापूरकडे जिनिंगबाहेर त्या ट्रकवर चढतात, ड्रायव्हर दोराची शेवटची गाठ ओढून बघतो आणि गाडी वाटेला लागते. २६ एप्रिल १९९३ च्या भर दुपारी गठाणी भरलेला असाच एक ट्रक औरंगाबादेत बीड रस्त्याने चालला होता. हा रस्ता विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकापलीकडून जात होता. त्याच वेळी इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईसाठी धावत सुटलं. आत ११८ माणसं. धावपट्टी संपली, तरी विमान म्हणावं तेवढं उचललं गेलं नव्हतं. रस्त्यापासून जेमतेम सात फुटांवर त्याची डावी चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. पुढे तीनेक किलोमीटरवर उच्च दाबाच्या तारा, मग जमीन. ५५ माणसं गेली.

चौकशीत दोन कारणं पुढे आली. वैमानिकाने विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, हे पहिलं. विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवली जात नव्हती, हे दुसरं. रूळ आडवा आला की फाटक लागतं, हे नांदुरा-शेगावच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण लोकांच्या बोलण्यात उरतं ते पहिलंच कारण. चूक माणसाची निघाली की बाकीच्यांना हायसं वाटतं.

वैमानिकाला वगळून चालत नाही, हेही तितकंच खरं. त्यासाठी कोझिकोडला उतरणाऱ्या एका विमानाच्या कॉकपिटमध्ये डोकावायला हवं.

७ ऑगस्ट २०२०. कोरोनाचे दिवस, बाहेर धो धो पाऊस. दुबईहून १९० जणांना घेऊन आलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाचे कॅप्टन होते दीपक साठे. मूळ नागपूरकर, खडकवासल्याच्या एनडीएत घडलेले, हवाई दलात चाचणी वैमानिक म्हणून काम केलेले. पहिल्यांदा उतरताना त्यांच्या बाजूचा वायपर काही सेकंद फिरून थांबला आणि विमान परत वर न्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला विरुद्ध टोकाकडून यायचं ठरलं. आता वारा पाठीमागून होता आणि वायपर फिरत होता, पण पाहिजे त्यापेक्षा हळू. मुसळधार पावसात घाट उतरताना वायपर अडखळला की ड्रायव्हर मान पुढे काढून काचेला डोळे लावतो. इथे तर समोर टेबलासारखी धावपट्टी होती, तिच्या टोकाला खोल दरी.

सुमारे २७०० मीटरच्या धावपट्टीवर विमानाची चाकं टेकली ती जवळजवळ मध्यावर. टेकण्याआधीच सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं, म्हणजे उतरणं सोडा, वर चला. कॅप्टनने ते ऐकलं नाही. विमान दरीत जाऊन तुटलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा जीव गेला.

पुढच्या काही दिवसांत मोबाइलवर साठेंचा जयजयकार चालू होता. घिरट्या घालून इंधन संपवलं, आग लागू दिली नाही, असे संदेश फिरत होते. वर्षभराने, सप्टेंबर २०२१ मध्ये, चौकशी अहवाल आला आणि पारडं फिरलं. अस्थिर झालेलं उतरणं न सोडणं, ही कॅप्टनची चूक त्यात मुख्य कारण म्हणून नोंदली आहे. लोकांनी वीर बाजूला ठेवून दोषी उचलला. अहवालाची पुढची पानं मात्र फारशी कोणी उलटली नाहीत. कोझिकोडच्या तळावर कॅप्टनांची टंचाई होती आणि साठेंच्या नावावर दुसऱ्या दिवशीची ड्युटी लागलेली होती. म्हणजे त्या रात्री कोझिकोडलाच उतरण्याचा ताण होता. कंपनीच्या व्यवस्थेतल्या त्रुटीही अहवालाने मांडल्या आहेत. भारतीय नियमांनुसार अशा चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष ठरवणं हा नाही. कोर्टाच्या निकालासारखा अहवाल वाचला की हे निसटतं.

तरीही एक प्रश्न कॅप्टनच्या खुर्चीपाशीच थांबतो: शेजारचा ‘वर चला’ म्हणतो तेव्हा ऐकायचं की नाही? २०१० मध्ये मंगळूरला उतरणाऱ्या विमानातही सहवैमानिकाने गो-अराउंड सुचवलं होतं. ते विमानही टेबलटॉप धावपट्टीवरून खाली गेलं आणि १५८ जण मेले. ज्येष्ठाला टोकायचं कसं, आणि ज्येष्ठाने टोकणं मानायचं कसं, हे वैमानिकांना आता प्रशिक्षणात शिकवतात. आपल्याकडे घरात आणि कचेरीत वडीलधाऱ्यांना टोकणं म्हणजे उद्धटपणा. ही सवय गणवेश चढवला म्हणून एका दिवसात जात नाही.

एकाच माणसावर दोष टाकून मोकळं व्हायची घाई रस्त्यावरही दिसते. बुलढाणा जिल्ह्यातच सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. टायर फुटला, असं चालकाने सांगितलं. परिवहन विभागाला टायर फुटल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. मग चहाच्या टपरीवर निकाल लागला: डुलकी. त्या रात्री बस डाव्या कुशीवर पडली होती, आणि दार डाव्या बाजूलाच होतं.