चक्की उरली, दार पडले



कार्यक्रमपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचे नाव 'एका भग्न मठाची यात्रा' असे छापले आहे. यात्रा म्हटली की देव हवा, प्रसाद हवा. आम्ही जिथे गेलो होतो तिथे देवही नव्हता आणि प्रसादही नव्हता. छप्पर उडालेल्या भिंती होत्या, कापलेले गवत होते आणि एक वाहती नदी होती. तेव्हा प्रसादाच्या अपेक्षेने कोणी आले असेल, तर त्याची थोडी निराशा होईल. मात्र त्या भिंतींनी आमच्यापुढे एक प्रश्न टाकला, आणि तो आपल्यापुढे ठेवावा एवढ्याचसाठी आम्ही उभे आहोत.

उत्तर इंग्लंडमध्ये यॉर्कशर परगण्यात रिपन नावाचे गाव आहे. तिथून तीन-चार मैलांवर, स्केल नदीच्या अरुंद खोऱ्यात फाउंटन्सचा मठ आहे. त्याचा आरंभ एका भांडणातून झाला. यॉर्क शहरातल्या एका संपन्न मठात राहणाऱ्या काही संन्याशांना वाटू लागले, की आपण व्रत घेतले ते गरिबीचे आणि दिवस काढतो आहोत ते सुखाचे. ते बाहेर पडले. यॉर्कचा धर्माध्यक्ष थर्स्टन याने त्यांना या खोऱ्यातली ओसाड जमीन दिली. ११३२ च्या डिसेंबरात, नाताळ नुकताच आटोपला असताना, तेरा जण इथे येऊन पोहोचले. अंगावर थंडी आणि डोक्यावर छप्पर नाही, असा तो आरंभ होता. एका मोठ्या झाडाखाली त्यांनी पहिला हिवाळा काढला, असे मठाच्याच जुन्या वृत्तान्तात सांगितले आहे. पुढे ते सिस्टर्सियन पंथाला मिळाले. या पंथाची शिस्त कडक होती. वस्तीपासून दूर राहावे, हातांनी काम करावे, इमारत साधी ठेवावी. दगडी घंटामनोरा बांधण्यालासुद्धा मनाई.

त्या वृत्तान्तात एक कथा आहे. दुष्काळाच्या दिवसांत एक भुकेला माणूस दाराशी आला आणि भाकरी मागू लागला. मठात अडीच भाकरी होत्या, आणि त्याही काम करणाऱ्या सुतारांसाठी राखलेल्या. मठाधिपतीने सांगितले, एक त्याला द्या. आपले देव पाहील. भाकरी दिली, आणि थोड्याच वेळात जवळच्या किल्ल्यावरून पावांनी भरलेली गाडी आली. कथा खरी की रचलेली, हा वाद आपण घालू नये. मठाला स्वतःविषयी काय आठवणीत ठेवावेसे वाटले, ते तिच्यातून कळते. आपण कशासाठी आहोत, असे विचारले तर तो मठ या दाराकडे बोट दाखवीत होता.

आता गंमत पाहा. गरिबीसाठी बाहेर पडलेली ही माणसे श्रीमंत झाली, आणि ती आळसाने नव्हे, तर कष्टाने. पडीक जमिनीवर मेंढ्या चरू लागल्या. लोकर इटलीच्या व्यापाऱ्यांपर्यंत जाऊ लागली. लोकांनी आत्म्याच्या कल्याणासाठी जमिनी दान दिल्या, त्यांवर आणखी मेंढ्या आल्या. परंतु हे कष्ट मुख्यतः कोणी केले? मठात संन्याशांखेरीज श्रम करणाऱ्या बंधूंचा वेगळा वर्ग होता. व्रत त्यांनीही घेतलेले. पण त्यांना पुस्तक हाती धरण्याची परवानगी नसे, आणि चर्चमध्ये त्यांची बसण्याची जागाही निराळी असे. पश्चिमेकडची त्यांची इमारत आजही उभी आहे. सुमारे तीनशे फूट लांब, मधल्या खांबांच्या एका ओळीने दोन भागांत विभागलेली, वर कमानींचे छत. खाली कोठार आणि भोजनशाळा, वरच्या मजल्यावर निजण्याची जागा. आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो आणि आपोआप हळू बोलू लागलो. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांची ही वास्तू सर्वांत चांगली टिकली आहे.

चौदाव्या शतकात दुष्काळ पडले, स्कॉटलंडकडून स्वाऱ्या आल्या, १३४८-४९ साली महामारी आली. श्रमबंधू मिळेनासे झाले. मठाने आपली शेते खंडाने लावली आणि कष्टाने मिळणारे उत्पन्न खंडाचे उत्पन्न बनले. १४९५ ते १५२६ या काळात मार्मड्यूक ह्यूबी हा मठाधिपती होता. त्याने सुमारे १६० फूट उंचीचा दगडी मनोरा उभारला. ज्या पंथाने एके काळी असा मनोरा निषिद्ध मानला, त्याच पंथाचा हा मनोरा! आज दुरून आधी तोच दिसतो. तो सुंदर आहे यात शंका नाही. पण ज्याला दुरून दिसायचे असते, तो राजालाही दिसतो.

राजा होता आठवा हेन्री. त्याने मठ मोडायला काढले तेव्हा उत्तरेचे लोक गप्प बसले नाहीत. १५३६ साली त्यांनी उठाव केला. तो चिरडला गेला, आणि फाउंटन्सचा माजी मठाधिपती विल्यम थर्स्क याला पुढच्या वर्षी देहान्ताची शिक्षा झाली. २६ नोव्हेंबर १५३९ रोजी सुमारे तीस संन्याशांनी मठ राजाच्या स्वाधीन केला. मठाधिपतीला मोठे निवृत्तिवेतन मिळाले, इतरांना लहान. छतावरचे शिसे उतरवले गेले. शिसे गेले की पाऊस आत येतो, आणि पाऊस आत आला की पुढचे काम राजाला करावे लागत नाही. मालमत्ता लंडनच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याला विकली गेली.

आता आमचा प्रश्न. नदीच्या काठाने पश्चिमेकडे गेलो तेव्हा एक इमारत छपरासकट शाबूत दिसली. ती मठाची पाणचक्की, बाराव्या शतकातली. मठ पडला तरी ती दळत राहिली, आणि थेट विसाव्या शतकापर्यंत वापरात होती. उलट पूर्वेला मठाचे रुग्णालय होते, म्हाताऱ्या आणि आजारी संन्याशांसाठी नदीवर बोगदे बांधून त्यांवर उभारलेले. बोगद्यांतून पाणी अजून वाहते. वर खांबांच्या बुडख्यांखेरीज फारसे काही नाही. जिथे भुकेल्याला अन्न मिळे त्या महाद्वाराचेही थोडेसेच अवशेष आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जवळच एक भव्य वाडा उठला. त्याला मठाचेच दगड लागले.

चक्की का उरली आणि दार का पडले? चक्की उपयोगी होती म्हणून, असे आपण चटकन म्हणू. पण दार उपयोगी नव्हते काय? दाराशी येणाऱ्याला ते चक्कीहून अधिक उपयोगी होते. फरक एवढाच, की चक्कीच्या उपयोगाचे पैसे मालकाच्या हाती पडत, म्हणून तिचे छप्पर शाकारायला मालक होता. दाराच्या उपयोगाचे पैसे कोणाच्याच हाती पडत नसत. तिथे बसणाऱ्याजवळ ना सनद होती, ना करार, ना वकील. त्याला मिळे ती मेहेरबानी, आणि मेहेरबानी करणारा गेला की ती मागायची कोणाकडे?

मठांचा दानधर्म फारसा मोठा नव्हता, असे काही इतिहासकार म्हणतात; तो समजतो त्याहून मोठा होता, असे दुसरे सांगतात. आम्ही त्या हिशेबात शिरत नाही. परंतु १६०१ साली इंग्लंडला गरिबांच्या पोषणाचा कायदा करून प्रत्येक परगण्यातल्या धर्मग्रामांवर कर बसवावा लागला. तो कायदा कठोर होता, तुटपुंजा होता. तरी एक गोष्ट त्याने मान्य केली. दाराशी आलेल्याची भाकरी कोणा एकाच्या मर्जीवर सोडता येत नाही.

१७६७ साली हे अवशेष विल्यम एज्लबी या शेजारच्या जमीनदाराने विकत घेतले आणि आपल्या वडिलांनी रचलेल्या जलोद्यानाला जोडले. वळणावरच्या एका जागेवरून झाडांच्या चौकटीत एकदम मठ दिसावा अशी योजना आहे. आम्हीही तिथे उभे राहून 'वा!' म्हटले. भग्नावस्था इतकी देखणी दिसते, की काय भंगले याची चौकशी करावीशी वाटत नाही. १९८३ पासून ही जागा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि १९८६ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. दगडांना आता पालक आहेत. हे चांगलेच झाले.

पण बंधुभगिनींनो, आपल्या गावातही अशी दारे आहेत. फुकट वाचनालय आहे, धर्मार्थ दवाखाना आहे, गरीब विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे. कोणा थोर माणसाच्या औदार्यावर ती चालतात, आणि आपण त्याला हार घालून घरी जातो. हार जरूर घालावा. पण घरी जाण्यापूर्वी त्या छपराकडे एकदा पाहावे आणि विचारावे: हा गृहस्थ उद्या नसला, तर हे शाकारायला कोण येणार? त्या प्रश्नाला 'आम्ही' असे उत्तर देणारी पंचवीस माणसे गावात नसतील, तर ते दार आजच पडू लागले आहे असे समजावे.