टीव्हीखालचा संगणक

टीव्हीला जोडून सिनेमा पाहता यावा, सुट्टीत मुलांना दोन-चार गेम खेळता यावेत, असा संगणक जुळवायचा म्हटलं की पहिली चर्चा सुरू होते ग्राफिक्स कार्डाची. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्यात राहणाऱ्यानं आधी वेगळंच विचारावं: हे यंत्र प्लगमधून किती वॅट ओढणार? आता कोणी म्हणेल, एवढ्यानं बिल कितीसं वाचतं? खरं आहे. कार्डवाल्या आणि बिनकार्डाच्या यंत्रात दोनशे वॅटचा फरक आणि रोजचे तीन तास धरले, तर महिन्याला १८ युनिट. तेवढ्यासाठी आवडीचं यंत्र सोडायला कुणी सांगणार नाही. पण संगणकानं घेतलेल्या सगळ्या विजेची अखेर उष्णताच होते. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना कार्डवाल्या संगणकाची तीनशे वॅटची शेगडी खोलीत पेटवायची आणि समोर कूलर लावून बसायचं, यात शहाणपण दिसत नाही. शिवाय वादळवाऱ्यात लाईट जाते, तेव्हा गाठ बॅटरीशी असते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची. ती टिकावी म्हणून निम्मीच वापरली आणि इन्व्हर्टरमधली गळती वजा केली, तर हाती सातशे-आठशे उरतात. टीव्हीचे ८० वॅट धरून तीनशे वॅटचा संगणक दोन तासांत ते संपवतो. सत्तर वॅटचा असेल, तर तेवढ्यात पाच तास निघतात.

असा संगणक जुळवता येतो. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं, वेगळं कार्ड लागत नाही. त्याची ठरवलेली मर्यादा ६५ वॅटची; बायॉसमध्ये जाऊन ती ४५वर आणता येते आणि साध्या गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही. हे ग्राफिक्स संगणकाचीच रॅम वापरतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. इथे पैसे वाचवणारे पुढे वेगाच्या नावानं बोटं मोडतात. गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा घालावी. साध्या टीव्हीवर त्याहून जास्त दिसतही नाहीत. पॉवर सप्लाय मात्र ‘असू दे मोठा’ म्हणून साडेसातशे वॅटचा घेऊ नये. सिनेमा चालू असताना यंत्र तीस-चाळीस वॅटच घेतं, आणि इतक्या कमी भारावर मोठ्या सप्लायची कार्यक्षमता घसरते.

नवे, भारी गेम यावर नीट चालणार नाहीत, हा आक्षेप बरोबर आहे. ज्याला तेच खेळायचे आहेत त्यानं कार्ड घ्यावं आणि उन्हाळ्याची सोयही करावी. स्टारड्यू व्हॅली किंवा माइनक्राफ्ट खेळणाऱ्या घराला त्याची गरज नाही. मग मोबाइलच काय वाईट, असंही विचारतात. मोबाइलवर मूल एकटंच खेळतं. इथे स्टारड्यू व्हॅलीत दोन कंट्रोलर जोडून भावंडं शेजारी बसतात, आणि त्याच यंत्रावर दुसऱ्या दिवशी शाळेचं टायपिंग होतं. दुरुस्तीला जायचं तर जिल्ह्याचं मुख्यालय दोनशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हा बिघडण्यासारखा एक भाग कमी असणं हाही फायदाच. इन्व्हर्टर साईन वेव्हचा असावा आणि त्याच्या मागची कळ ‘यूपीएस’कडे ठेवावी, नाहीतर लाईट गेल्या क्षणी संगणक रिस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेला डाव जातो.