मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग : स्वागताध्यक्षांचे भाषण

व्यासपीठावरील मान्यवर, राज्यभरातून आलेले न्यूरोसर्जन, भूलतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि रात्रपाळी संपवून थेट सभागृहात आलेल्या सिस्टर्स, स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मिरजेत मनापासून स्वागत करतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभारलं, तेव्हापासून कोकणातून आणि कर्नाटकातून माणसं उपचारांसाठी या गावाची वाट धरत आली आहेत. त्या विश्वासापोटीच परिषदेसाठी हा विषय आम्ही आग्रहाने मागून घेतला.

ऑपरेशन उत्तम होतं, स्कॅन चांगला येतो, पेशंट घरच्यांशी बोलू लागतो. आणि आठवडाभरात ताप चढतो, मान आखडते, माणूस गुंगीत जातो. मेंदूभोवतीच्या पाण्यात बहुतेक अँटिबायोटिक्स पुरेशी उतरत नाहीत. त्यात जंतू कार्बापेनेमलाही न जुमानणारा असिनेटोबॅक्टर निघाला, तर कोलिस्टिन थेट मेंदूच्या पोकळीत सोडावं लागतं. त्या वेळी नातेवाइकांना तोंड देणं फार जड जातं.

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या सोळाशे रुग्णांच्या अभ्यासात, २०१९ साली, मेंदूतलं साचलेलं पाणी वाहून नेणाऱ्या अँटिबायोटिकयुक्त शंटमुळे संसर्ग ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. चांदीचा लेप असलेल्या शंटने मात्र फरक पडला नाही. असा शंट आपल्या प्रत्येक पेशंटला परवडत नाही. पण ईव्हीडीची, म्हणजे मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी, नळी विनाकारण न उघडणं, गरज नसताना रोज नमुना न काढणं, वस्तऱ्याऐवजी क्लिपरने केस कापणं, याला कितीसा खर्च येतो? पहाटे उशीचा अभ्रा ओला दिसला, तर तो घाम नसून जखमेतून झिरपणारं पाणी असू शकतं, हे आधी सिस्टरच्या लक्षात येतं. तिने रात्री दोन वाजताही सर्जनला फोन करावा आणि सर्जनने तो उचलावा.

‘आमच्याकडे इन्फेक्शन होतच नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्या युनिटमध्ये बहुधा कुणी मोजतच नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे : आपापली रजिस्टरं इथे उघडा, बिघडलेल्या केसेसही मांडा. या दोन दिवसांत कुणाला दोष द्यायचा नाही, हे आयोजक म्हणून आम्ही ठरवलंय.

पहिलं सत्र आयसीयूतल्या सिस्टर्सचं आहे. पुढच्या रांगा त्यांच्यासाठी राखल्या आहेत. ज्येष्ठ सर्जननी कृपया मागे बसून घ्यावं. चहा सत्रानंतर मिळेल.