लग्नाची आदली रात्र : घाई नको, धास्ती नको

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील जोडप्यांसमोर केलेले भाषण)



आपण सगळी लग्न झालेली माणसे. लग्नाच्या आदल्या रात्रीचे आता आपल्याला काय, असे तुमच्या मनात येईल. पण तुळशीचे लग्न लागले की आपल्या गावांत मांडव पडू लागतात. यंदा कुणाच्या धाकट्या बहिणीचे लग्न असेल, कुणाच्या भावाचे, कुणाच्या पुतणीचे. त्या घरातला थोरला भाऊ तुम्ही, वहिनी तुम्ही, मावशी तुम्ही. नवरा-नवरी ज्यांचे ऐकतील अशी माणसे तुम्हीच. म्हणून हे बोलणे तुमच्याशी.

आदल्या दिवशी घरात काय चालते ते आपण जाणतोच. मांडवावर डहाळे येतात, देवक बसते, हळद लागते, नवरीच्या हातात हिरवा चुडा भरला जातो. आचारी तेल मागतो, मांडववाला पैसे मागतो, पाण्याचा टँकर वेळेवर येत नाही. मानपानाची चर्चा होते, सोन्याची होते. पण ज्यांचे लग्न आहे त्या दोघांना कोणी विचारीत नाही, "जेवलात का? मनात काही भीती आहे का? पहिले मूल केव्हा व्हावे असे तुम्हाला वाटते?"

कोणी विचारीत नाही, आणि वर्ष सरते न सरते तोच पाळणा हलतो. एकोणीस-वीस वर्षांची पोर, अंगात रक्त कमी, घर नवे, माणसे नवी, आणि कडेवर मूल. हे टाळता येते. त्यासाठी त्या रात्री अर्धा तास शांतपणे बोलणारे एक माणूस लागते.

तयारी महिनाभर आधी

रात्र शांत जावी असे वाटत असेल तर काही कामे आधी उरकावी लागतात.

पहिले काम वयाचे. मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण हवीत. १९२९ च्या शारदा कायद्यात मुलीचे वय १४ होते. १९७८ साली ते १८ केले, मुलाचे २१ केले. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असे लग्न ठरत असेल तर ग्रामपंचायतीत सांगा किंवा १०९८ या क्रमांकावर कळवा. हा नुसता कायद्याचा धाक नाही. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी मूल झाले, आणि ते दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातून त्या परदेशी जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. पण १८८७ साली, बाविसाव्या वर्षाच्या आत, त्यांनीही जगाचा निरोप घेतला. कच्च्या वयातले बाळंतपण आईला आणि बाळाला, दोघांनाही धोक्याचे असते.

दुसरे काम तपासणीचे. दोघांनीही महिनाभर आधी आरोग्य केंद्रात जावे. मुलीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. एका महिन्यात सगळी कसर भरून निघत नाही, पण सुरुवात तरी होते. पाळणा लांबविण्याची गोळी घ्यायची असेल तर ती पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करावी लागते. आदल्या रात्री धावपळ करून ते जमत नाही.

तिसरे काम पाळीचे. मुहूर्त पाळीच्या दिवसांत आला की आयाबाया घाबरतात आणि दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणतात. पाळी म्हणजे विटाळ नव्हे, तो शरीराचा धर्म आहे. तरीही गोळ्या घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. त्या पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात. आणि ध्यानात ठेवा, त्या गोळ्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही.

आदल्या रात्री काय करावे

दिवेलागणीलाच सगळ्या कामांची यादी करून एका जबाबदार माणसाच्या हाती द्या. आचारी, वाजंत्री, टँकर, सगळे त्यानेच बघावे. नवरा-नवरीला कामाला जुंपू नका. दोघांनाही पोटभर जेवू घाला, पाणी भरपूर प्यायला द्या. उद्या अक्षता पडेपर्यंत उपाशी ठेवायची रीत असेल तर निदान दूध, केळे, लिंबाचे सरबत चालू द्या. वैशाखाच्या उन्हात भरजरी शालू नेसून उपाशी उभी राहिलेली मुलगी बोहल्यावर चक्कर येऊन पडली, तर तो अपशकुन नसतो, ती भूक असते. वाजंत्री वेळेत बंद करा. दोघांना सहा-सात तास झोप मिळू द्या.

मग रात्री निवांतपणे नवरीजवळ तिच्या वहिनीने किंवा मोठ्या बहिणीने बसावे. नवऱ्याजवळ थोरल्या भावाने किंवा दाजींनी बसावे. थट्टामस्करी बाजूला ठेवावी आणि सरळ शब्दांत सांगावे.

मुलीला सांगा : घाबरू नकोस. तुझ्या मनाविरुद्ध काही होता कामा नये. मन तयार नसेल तर तसे बोलायचा तुला हक्क आहे. पहिल्या वेळी रक्त येतेच असे नाही. कुणाला येते, कुणाला येत नाही. त्यावरून बाईच्या चारित्र्याची परीक्षा करणे हे अज्ञान आहे.

मुलाला सांगा : घाई करू नकोस. दोस्तांच्या नादाने दारूला शिवू नकोस. ती परक्या घरून आली आहे, आधी तिच्याशी बोल. आपल्याकडे अक्षता पडल्या की लगेच संसार सुरू होत नाही. जेजुरीला जायचे असते, जागरण-गोंधळ व्हायचा असतो. ते दोन-चार दिवस देवाने बोलण्यासाठीच दिले आहेत असे समज. आणि पहिले मूल केव्हा हवे, हे दोघांनी मिळून ठरवा.

एवढे सांगून त्याच्या पिशवीत निरोधचे पाकीट ठेवा. यात लाजण्यासारखे काही नाही.

पाळणा लांबवायचा कसा

निरोध सगळ्यांत सोपा. गर्भही टळतो आणि आजारही टळतात. दुसरी 'माला-एन' गोळी, रोज एक, न चुकता. तिसरी 'छाया' गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोन वेळा आणि पुढे आठवड्यातून एकदा. चौथे 'अंतरा' इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. ते थांबवल्यावर गर्भ राहायला काही महिने लागतात, हे आधीच जाणून घ्या. कोणते साधन कोणाला मानवेल ते आरोग्यसेविकेला किंवा डॉक्टरांना विचारा. सरकारी दवाखान्यात हे सारे मोफत मिळते, आणि निरोध व गोळ्या गावच्या आशाताईंकडेही मिळतात.

घरची मोठी माणसे काय म्हणतील?

सहा महिने झाले की शेजारीण विचारते, "काय गं, काही बातमी?" सासूबाईंना वाटते, गोळ्या खाल्ल्या की पोटच पिकणार नाही. हा गैरसमज आहे. गोळी बंद केली, निरोध थांबवला, की गर्भ राहू शकतो. म्हणून हा निर्णय घरच्या वडीलधाऱ्यांच्याही कानावर घाला. "सूनबाईची तब्येत सुधारू दे, पोराचा धंदा मार्गी लागू दे, मग नातू नाहीतर नात मांडीवर खेळवा," असे कोणी आपल्या माणसाने सांगितले की ते ऐकतात. साधन न वापरता वर्षभर वाट पाहूनही दिवस गेले नाहीत, तर तपासणी दोघांची करावी, एकट्या सुनेची नव्हे.

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात २००७ साली जिल्हा परिषदेने नवविवाहितांसाठी एक योजना काढली होती. पहिले मूल दोन वर्षे लांबवले तर पाच हजार रुपये, तीन वर्षे लांबवले तर साडेसात हजार. लोकांनी तिला 'हनिमून पॅकेज' म्हटले. पैसे हे निमित्त. खरा उपयोग हा, की सासूला, शेजारणीला तोंडावर सांगायला सुनेला एक कारण मिळाले. तुमच्या घरात ते कारण तुम्ही व्हा.

आणि तुमचे स्वतःचे काय?

तुम्हाला त्या रात्री कोणी सांगितले नसेल. म्हणून वेळ गेलेली नाही. एक मूल असेल तर ते दोन वर्षांचे होईपर्यंत दुसऱ्यांदा दिवस जाऊ देऊ नका. बाळंतपण झाल्यावर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच तांबी बसवता येते. हवे तेव्हा ती काढताही येते. मुले पुरेशी झाली असतील तर शस्त्रक्रिया आहे. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी. त्याच दिवशी घरी जाता येते, मर्दपणात काही कमी होत नाही. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरा. आणि मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते. मुली झाल्या म्हणून बायकोला बोल लावू नका. सक्ती कोणावरच नाही, निर्णय तुम्हा दोघांचा.

उपकेंद्रात जा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बारामतीला सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. एकट्या बाईला पाठवू नका, जोडीने जा.

येत्या लग्नसराईत आहेर काय करावा असा प्रश्न पडला, तर भांडेकुंडे द्याच, पण आदल्या रात्रीचा अर्धा तासही द्या. भांडी झिजतील, त्या रात्री सांगितलेले दोन शब्द संसारभर उपयोगी पडतील.

लग्न वयात, पहिला पाळणा सवडीने, दुसरा अंतराने.