घास अडतो तेव्हा
(भाषणाचा सारांश)



घरातील वडीलधारी व्यक्ती ताटावरून अर्धपोटी उठू लागली की ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण स्वस्थ राहतो. या समजुतीपायी मोलाचा वेळ वाया जातो. मानेच्या मणक्यांवरील हाडांच्या वाढीमुळे गिळण्यास होणारा त्रास याच समजुतीआड दडून राहतो.

मानेत सात मणके असतात. त्यांच्या पुढे, अगदी लगत, घसा व अन्ननलिका असते. उतारवयात अनेकांच्या मणक्यांच्या कडांवर जादा हाड वाढते. बहुतेकांना त्याचा काहीच उपद्रव होत नाही. परंतु क्वचित ही वाढ इतकी पुढे येते की अन्नमार्ग मागून दाबला जातो. सहाव्या मणक्याच्या पातळीवर अन्ननलिकेचा आरंभ होतो. तेथे ती फारशी सरकू शकत नाही, म्हणून तेथील लहान वाढही जाचक ठरते. फोरेस्तिये व रोतेस-केरोल या वैद्यांनी १९५० साली वर्णिलेल्या विकारात तर ओघळलेल्या मेणाप्रमाणे हाड अनेक मणक्यांवर पसरते. हा विकार पन्नाशीनंतर व पुरुषांत अधिक आढळतो. लठ्ठपणा व मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध दिसून आला आहे.

लक्षणे साधी असतात. कोरड्या भाकरीचा घास अडतो, पेज मात्र उतरते. घशात काही अडकल्यासारखे वाटते, जेवताना ठसका लागतो. अन्नाचे कण श्वासमार्गात गेल्यास न्यूमोनियाचा धोका असतो.

मानेचे बाजूने घेतलेले क्ष-किरण चित्र वाढलेले हाड दाखविते. बेरियम पाजून घेतलेल्या चित्रांत घास नेमका कोठे अडतो ते कळते. परंतु येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. हाड दिसले म्हणजे कारण सापडले, असे नव्हे. ज्या समाजात तंबाखूचे व्यसन सर्रास आहे, तेथे घशाचा वा अन्ननलिकेचा कर्करोग नाही याची दुर्बिणीने खात्री करून घेतलीच पाहिजे. दुर्बीण घालताना पुढे आलेल्या हाडापाशी इजा होऊ नये, म्हणून क्ष-किरण चित्र डॉक्टरांना आधी दाखवावे.

उपचारांचा आरंभ साधाच असतो: मऊ अन्न, लहान घास, सावकाश चर्वण, ताठ बसून जेवण, डॉक्टरांच्या सल्ल्याने सूज उतरविणारी औषधे आणि गिळण्याचे व्यायाम. एवढ्याने भागले नाही व वजन घटत राहिले, तर मानेच्या पुढील बाजूने शस्त्रक्रिया करून वाढलेले हाड काढता येते.

शिक्षक व पंचायत सदस्य यांचा गावातील घराघरांशी संबंध येतो. एखाद्या वृद्धाचा घास दोन-तीन आठवडे अडत असेल किंवा वजन उतरत असेल, तर त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून मोठ्या रुग्णालयात पाठविण्याची तजवीज करावी. पाणीही उतरेनासे झाले किंवा धाप लागली, तर मात्र एक दिवसही थांबू नये. वार्धक्य अटळ आहे. उपासमार अटळ नाही.