पडद्यावरचा आकडा आणि रुग्णाची साक्ष



१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर दिले आणि जॉन वॉरन यांनी रुग्णाच्या मानेवर शस्त्रक्रिया केली. त्यानंतर जवळपास शंभर वर्षे भुलीची खोली रुग्णाच्या शरीरावरूनच ओळखली गेली. श्वासाची लय, डोळ्यांतल्या बाहुल्या, हातापायांची हालचाल हीच तिची खूण. भूल उथळ झाली की रुग्ण हलायचा आणि भूलतज्ज्ञ सावध व्हायचा. १९४२ मध्ये माँट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी भुलीसोबत क्युरारी वापरले. स्नायू सैल झाले, सर्जनला हात चालवणे सोपे गेले, कमी भुलीत मोठ्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. पण आपण जागे आहोत हे सांगण्याचा रुग्णाचा एकमेव मार्ग त्याच औषधाने बंद केला.

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत हे स्पष्ट दिसले. शस्त्रक्रियेदरम्यान जाग आल्याची तक्रार स्नायू शिथिल करणारे औषध दिलेल्यांत सुमारे ८,००० भुलींमागे एक होती. ते न दिलेल्यांत १,३६,००० मागे एक.

मग मेंदूलाच विचारावे, हा विचार साहजिक होता. मेंदूच्या विद्युतलहरींवरून भुलीची खोली मोजता येईल, असे गिब्ज दांपत्य आणि लेनॉक्स यांनी १९३७ मध्येच सुचवले होते. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बिस मॉनिटरने ती कल्पना ऑपरेशन थिएटरमध्ये आणली. कपाळावर पट्टी चिकटवायची, पडद्यावर ० ते १०० मधला आकडा पाहायचा आणि तो ४० ते ६० मध्ये ठेवायचा. २००४ मध्ये जोखमीच्या २,४६३ रुग्णांवरच्या चाचणीत बिस वापरलेल्या गटात दोघांना जाग आली होती, नेहमीच्या पद्धतीच्या गटात अकरा जणांना. मोठी आशा वाटावी असाच हा निकाल होता. पुढे २०११ मध्ये सहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत बिसची तुलना उच्छ्वासातल्या भुलीच्या वायूच्या प्रमाणाशी केली गेली, तेव्हा मात्र बिस सरस ठरले नाही.

त्याहून विचार करायला लावणारा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण शुद्धीत असलेल्या दहा स्वयंसेवकांना भूल न देता फक्त स्नायू शिथिल करणारे औषध दिले. माणूस टक्क जागा, आणि बिस मात्र काहींच्या बाबतीत चाळिशीत उतरलेले. म्हणजे आकड्यात कपाळाच्या स्नायूंचाही वाटा आहे. केटामिनच्या बाबतीत उलट घडते. रुग्ण हाकेला ओ देत नाही, तरी आकडा चढा राहतो. ज्या ग्रामीण रुग्णालयांत केटामिनवर भिस्त आहे, तिथे त्या आकड्याचा आधार घेताच येणार नाही.

या विषयातला सर्वांत प्रामाणिक प्रयोग कदाचित सर्वांत साधाही आहे. १९७७ मध्ये टन्स्टॉल यांनी सिझेरियनच्या वेळी एक युक्ती केली. स्नायू शिथिल करणारे औषध देण्याआधी एका हातावर कफ फुगवायचा, म्हणजे ते औषध त्या हातापर्यंत पोहोचत नाही. मग रुग्णाला म्हणायचे, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. याच पद्धतीने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतल्या अभ्यासात श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर २६० पैकी १२ जणांनी सांगितल्यावर हात दाबला. असे हात दाबणाऱ्यांपैकी बहुतेकांना नंतर काही आठवत नाही. म्हणून ते जागे नव्हतेच, असे म्हणणे या व्यवसायाला शोभणार नाही. वेदना विसरली गेली, तरी त्या क्षणी ती होतीच.

जाणिवेच्या जवळ जाणारे मोजमाप मिलानमधून आले. मार्सेलो मासिमिनी आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय स्पंदाने मेंदूला हलका धक्का देऊन त्याचा प्रतिसाद किती दूर पसरतो आणि किती गुंतागुंतीचा असतो, हे मोजले. प्रोपोफॉल आणि झेनॉनच्या भुलीत तो प्रतिसाद आखडतो, साचेबंद होतो. केटामिनमध्ये मात्र तो जागेपणासारखाच समृद्ध राहतो, आणि शुद्धीवर आलेले रुग्ण लांबलचक, जिवंत स्वप्ने सांगतात. हाक न ऐकणारा माणूस आतून रिकामाच असतो असे नाही. हा शोध दूरगामी आहे, पण ते यंत्र रोजच्या टेबलाशेजारी ठेवण्याजोगे अजून नाही.

तोवर हातात आहे ती मेंदूची मूळ विद्युतलहर. प्रोपोफॉलच्या भुलीत कपाळाकडच्या भागात सेकंदाला ८ ते १२ आवर्तनांची अल्फा लय आणि तिच्यासोबत संथ लहरी दिसतात. फार खोल गेल्यावर मधेमधे सपाट रेषा येते. वृद्धांत अल्फा मुळातच क्षीण असते. पॅट्रिक पर्डन आणि एमरी ब्राऊन यांच्या कामामुळे हे वाचन शिकवण्याजोगे झाले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला ईसीजी येतो, तसा हा आलेखही यायला हवा. भूलतज्ज्ञांच्या या परिषदेने अभ्यासक्रमासाठी तसा आग्रह धरावा.

दुसरी मागणी बिनखर्चाची आहे. १९७० मध्ये ब्राइस यांनी सुचवलेले प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारले जावेत: झोपण्यापूर्वीचे शेवटचे काय आठवते, जागे झाल्यावर पहिले काय आठवते, मधले काही आठवते का, स्वप्न पडले का. असे पद्धतशीर विचारल्यावर हजारात एक-दोन जण काही आठवत असल्याचे सांगतात. रुग्ण आपणहून बोलेल म्हणून थांबलो तर त्यातले फार थोडे कानावर येतात. हे प्रश्न रिकव्हरी रूममध्ये एकदाच विचारून भागत नाही, कारण आठवण कधी काही दिवसांनी वर येते. टाके काढायला आलेल्या रुग्णाला ते पुन्हा विचारावेत, त्याच्या बोलीत, आणि उत्तर केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिहावे.